भाजीच्या वाफ्यांची गोधडी

माझ्या मैत्रिणीची आई जाऊन महिना झाला असेल, तेव्हा तिने एक गाठोडं माझ्या दारात आणून ठेवलं. जुन्या चादरीत बांधलेलं, दिसायला उशीएवढं, उचलायला गेलं तर जड. बोहारीण आली की देऊन टाक, भांडं मिळेल ते तूच ठेव, असं म्हणाली. आमच्या सोसायटीत बोहारणीला वॉचमन आत सोडत नाही. ती दर गुरुवारी गेटबाहेर बदामाच्या झाडाखाली बसते आणि गुरुवारी मैत्रिणीला खराडीला ऑफिसात जावं लागतं. म्हणून ते काम माझ्याकडे आलं.

"उघडून बघत बसू नकोस," ती म्हणाली. "मी पण बघितलेलं नाही. कपाटाचा खालचा कप्पा होता तसा ओतलाय."

नाही बघत, असं मी म्हटलं आणि ती लिफ्टमध्ये शिरल्याबरोबर गाठ सोडली.

खोटारडी म्हणून माझी ख्याती नाही. सोसायटीत मला कमी बोलणारी, कुणाच्या अध्यात ना मध्यात अशी बाई म्हणून ओळखतात. कमी बोलण्याची एक सोय असते. खोटंही फार बोलावं लागत नाही, नुसतं गप्प राहिलं तरी भागतं. या गोधडीच्या बाबतीत मात्र सगळं सांगायचं ठरवलं आहे, तेव्हा सुरुवात गाठोडं उघडण्यापासूनच करायला हवी.

आत तिच्या आईची लुगडी होती. नऊवारी, सुती, धुऊन धुऊन पातळ झालेली. तऱ्हेतऱ्हेचे हिरवे रंग होते. एक गर्द, एक पोपटी, एक इतकं विटलेलं की हिरवं म्हणायला आठवण लागावी. दोन लाल मिरचीच्या रंगाची, एक वांग्याच्या रंगाचं. चार मातकट परकर. आणि सगळ्यांच्या तळाशी एक निळी पट्टी, पिळून पिळून दोरखंडासारखी झालेली, दोन्ही टोकांना गाठी असलेली. ती मी बाजूला ठेवली. लुगडी जमिनीवर एकाशेजारी एक पसरली आणि त्यांच्याकडे बघता बघता मला तिच्या आईचं रान दिसलं.

ते रान मी एकदाच बघितलं होतं. हडपसरच्या पलीकडे, आता जिथे उंच इमारती आहेत आणि खाली जिम आणि केकची दुकानं आहेत, तिथे. आम्ही दोघी विश्रांतवाडीच्या या सोसायटीत नव्यानेच राहायला आलो होतो. तिची ए विंग, माझी सी. दोन्ही घरं चौथ्या मजल्यावर, तिच्या स्वयंपाकघराची खिडकी आणि माझ्या बेडरूमची खिडकी समोरासमोर. कढीपत्ता आहे का, हे विचारायला फोनसुद्धा लागायचा नाही. मी लग्न होऊन वर्ध्याकडून पुण्यात आलेली, माझं इथे कुणी नव्हतं. तिचं सगळं गणगोत दहा-बारा किलोमीटरवर. तिने मला एका रविवारी माहेरी नेलं. जमीन विकायचं ठरलेलं होतं, तो भाजीचा शेवटचा हंगाम होता. तिची आई वाफ्यात उकिडवी बसून मेथी उपटत होती आणि जुड्या बांधून मागे टाकत होती. मागे न बघता टाकायची, तरी जुडी बरोबर गोणपाटावर पडायची. मला बघून तिने एक मुळा उपटला, पाटाच्या पाण्यात धुतला आणि हातात दिला. "खा. दुकानातला न्हाय ह्यो," म्हणाली. मी तो उभ्यानेच खाल्ला. नाकातून धूर निघाला. तिची आई हसली.

माझ्या मैत्रिणीला डिसेंबरात पन्नास पूर्ण होणार होती. मी ठरवलं की याच लुगड्यांची गोधडी करायची आणि तिला द्यायची. नुसते तुकडे जोडून नाही, तर ते रान जसंच्या तसं मांडायचं. मेथीचा वाफा, पालकाचा वाफा, मिरच्या, वांगी, परकरांचे बांध, मधून पाट. बोहारणीला मी आमच्या घरच्या दोन जुन्या पँटी आणि एक बेडशीट दिलं. त्यावर मिळालेली स्टीलची चाळणी मैत्रिणीला दाखवली आणि म्हटलं, बघ, तुझ्या गाठोड्याची ही मिळाली. तिने चाळणीकडे बघितलंही नाही. बरं झालं, म्हणाली.

एवढा खटाटोप मी का करत होते, ते आता सांगते.

तिच्या आईचं डोकं हळूहळू विस्मरणात गेलं. आधी त्या मुलांकडे होत्या. मग सुनांना झेपेना, मुलांना दुकान सोडता येईना, आणि एका संध्याकाळी मोठा भाऊ गाडीतून आईला आणि तिच्या खाटेला मैत्रिणीकडे सोडून गेला. लेकीच्या घरी राहायचं म्हणून पहिले काही दिवस त्यांनी पाण्याला तोंड लावलं नाही. मग ते विसरल्या. विसरण्यात तेवढी एक सोय झाली. मैत्रिणीचा नवरा नाशिकला नोकरीला, शनिवार-रविवार येणारा. मुलगा परदेशात. ती घरून काम करायची, पण मंगळवारी आणि गुरुवारी दुपारून ऑफिसात जावंच लागायचं. नर्सिंग ब्यूरोच्या बाई सकाळी यायच्या आणि दोन वाजता जायच्या. संध्याकाळपर्यंत प्रश्न होता. तिने मला विचारलं की त्या दोन दुपारी आईजवळ बसशील का. मी नोकरी नुकतीच सोडली होती, दुपारी घरात दुसरं कुणी नसायचं, हो म्हटलं. यात विचारायचं काय, असंही म्हटलं.

दीड महिना मी गेले. त्यांच्याजवळ काही करायचं नसायचं. त्या चादरीचे धागे ओढून काढायच्या, धाग्यांची जुडी करायच्या, वरून एक धागा गुंडाळायच्या आणि माझ्या हातात द्यायच्या. "धर गं. पानी मार त्याच्यावर, वाळंल." मी पाणी मारल्यासारखं करायचे. कधी गिऱ्हाईक व्हायचे, कशी दिली विचारायचे, त्या भाव सांगायच्या, मी घासाघीस करायचे. त्या म्हणायच्या, "मग जा तिकडं मॉलात." पहिल्या दुपारी मला गंमत वाटली, तिसऱ्या दुपारी कंटाळा आला. खोलीला फिनाईलचा आणि फिनाईलने न गेलेला असे दोन वास होते. माझे डोळे मिटायला लागायचे. पुणेकरांच्या दुपारच्या झोपेवर बरेच विनोद आहेत. मी पुणेकर लग्नानंतर झाले, पण ही गोष्ट मला लगेच जमली होती.

एका गुरुवारी त्यांची चादर ओली झाली. मला लगेच कळलं. कपाटात धुतलेल्या चादरी कुठे आहेत हेही ठाऊक होतं. मी उठले नाही. खुर्ची जरा खिडकीकडे सरकवली आणि मैत्रीण येईपर्यंत मासिक वाचत बसले. ती आली, तिने चप्पलही न काढता चादर बदलली, आईला पुसलं. मी म्हटलं, अगंबाई, मला कळलंच नाही. ती म्हणाली, असू दे गं, कळत नाही कधी कधी.

पुढच्या मंगळवारी मी तिला फोन करून सांगितलं की गुडघा सुजलाय, डॉक्टरांनी चालू नको म्हटलंय. गुडघ्याला काहीही झालेलं नव्हतं. मी जेवले, बेडरूमचा पडदा लावला आणि झोपले. पुढे तिने दोन-तीनदा विचारलं, कसा आहे गुडघा. मग विचारायचं बंद केलं. त्यानंतर तिने काय व्यवस्था केली, हे मी विचारलं नाही. कुणीतरी मिळालं असेल, असं मी धरून चालले. त्या त्यानंतर जवळजवळ दोन वर्षं होत्या. अंत्यविधीला मी गेले, पाहुण्यांसाठी पोहे केले, भांडी घासली. सगळ्यांनी माझं कौतुक केलं.

तेव्हा गोधडी ही अशी होती. भेट म्हणायचं तर भेट, पण मुळात ती मला माझ्यासाठी हवी होती. ती तिच्या अंगावर पडली की मिटलं, असं काहीतरी माझ्या मनात होतं.

हॉलमधलं टीपॉय हलवलं, वर्तमानपत्राचे कागद चिकटवून त्यावर रान काढलं, त्याबरहुकूम तुकडे कापले. खाली आमच्या जुन्या चादरींचे थर, वर वाफे. चार कोपऱ्यांवर वरवंटा, खलबत्ता आणि नवऱ्याची दोन जाड पुस्तकं. नवरा रिटायरमेंटला टेकलेला, बोलायला काटकसरी. दोन दिवस त्याने भिंतीच्या कडेने जाणंयेणं केलं. तिसऱ्या दिवशी विचारलं, हे असं किती दिवस?

"अहो, पाय उचला," मी म्हटलं. "मेथीवर उभे आहात."

"शेती करायची होती तर वर्ध्याला राहायचं," तो म्हणाला आणि पाय उचलला.

धावदोऱ्याचं काम संथ असतं. कडेने सुरुवात करायची आणि आत आत येत जायचं, टाके गव्हाच्या दाण्याएवढे. माझी आई एका हाताने टाका घालून दुसऱ्या हाताने खालून सुईचं टोक चाचपायची. मला ते जमत नाही, बोटं भोसकून घेते. मेथीच्या वाफ्यावर उभे टाके घातले, पालकावर आडवे. वांग्याच्या रंगाच्या लुगड्याचा काठ न कापता तसाच ठेवला, तो बांधासारखा दिसत होता. पाटासाठी निळं काही मिळेना. घरातली निळी ओढणी लावून बघितली, ती फार नवीन दिसत होती. मग बाजूला ठेवलेली ती निळी पट्टी आठवली.

ती मी हातात घेऊन नीट बघितली. लुगड्यातून उभी फाडलेली, लांब, पिळलेली. एका टोकाची गाठ सहज सुटली, दुसरी सुईच्या टोकाने उकलावी लागली. त्या टोकाजवळ कापड झिजून जाळी झालेलं होतं, उभे धागे उरलेले आणि आडवे गेलेले. मला वाटलं, ही चुंबळ आहे. डोक्यावर पाटी घेताना बायका कापडाचं वेटोळं करून खाली ठेवतात ती. भाजीच्या पाट्या वाहून वाहून झिजलेली. मला फार आनंद झाला. असा आनंद मला एरवी होत नाही. पट्टी धुतली, इस्त्री केली, जाळीचा भाग मुद्दाम वर ठेवला, तिला दिसावा म्हणून, आणि एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत गोधडीच्या मधोमध टाचली. चारचौघांत मिरवावं असं झालं होतं.

आमच्याकडे गोधडीचा शेवटचा कोपरा उघडा ठेवतात. ती ज्या घरात पांघरली जाणार त्या घरच्या भाकरीचा तुकडा त्या कोपऱ्यात घालायचा आणि मग टाके घालून तो बंद करायचा. गोधडीला घास द्यायचा, असं म्हणतात. उपाशी गोधडी ऊब देत नाही, अशी माझ्या आईची समजूत. मुंग्या लागतील, असं मी लहानपणी म्हटलं होतं. लागू देत, आई म्हणाली, त्यांना काय थंडी वाजत नाही? म्हणजे देण्याची गोधडी देणाऱ्याच्या घरात पुरी होतच नाही. मी कोपरा उघडा ठेवला, सुई-दोरा पर्समध्ये टाकला आणि तिच्या वाढदिवसाच्या दुपारी गोधडी चादरीत गुंडाळून ए विंगमध्ये गेले. रविवार नव्हता, नवरा नाशिकला होता, घरात ती एकटीच.

तिने ज्वारीच्या भाकरी नुकत्याच केल्या होत्या. वाढदिवसाला पिठलं-भाकरी का, म्हटलं तर म्हणाली, केक ऑफिसवाले खायला घालतील उद्या. मी तिला घासाचं सांगितलं. ती हसली.

"तुमच्या वर्ध्याला कापडाला पण जेवण घालतात?"

"अगं, एक तुकडा तर हवाय."

तिने भाकरीचा तुकडा मोडून ताटलीत काढून ठेवला, हात पुसले आणि म्हणाली, आधी बघू तर दे.

मी गोधडी तिच्या पलंगावर उलगडली. कपडे ओळखायला तिला वेळ लागला नाही. मला आधी वाटलं की गाठोड्यावरून ती चिडेल, पण ती वाकून एकेका वाफ्यावर हात फिरवायला लागली. हे दिवाळीचं लुगडं. हे धाकट्या मामाने दिलेलं, आईला आवडायचं नाही, तरी नेसायची. मग तिला रान दिसलं. इथं मेथी होती, बरोबर. मिरच्या बांधाला नव्हत्या गं, आत होत्या. मुळे कुठायत? मी तिला आमच्या चादरीतून कापलेला मुळ्याचा पांढरा पट्टा दाखवला. ती खरंच हसली, मोठ्याने, बऱ्याच महिन्यांनी.

"पाट चुकलाय तुझा," ती म्हणाली. "विहीर इकडं होती. तू पाणी चढावर नेलंयस."

"रानात एकदाच आले होते मी."

"तरी पाणी खालीच जातं, हे तुला..."

ती थांबली. तिचा हात निळ्या पट्टीवर होता, जाळीच्या भागावर. तिने तो भाग दोन बोटांत धरला.

"हे कुठं मिळालं तुला?"

"गाठोड्यात. तळाशी होतं. आईंची चुंबळ ना?"

माझी मैत्रीण एरवी माझ्यापेक्षा शुद्ध बोलते. काही लागलं की ती हडपसरची होते.

"चुंबळ न्हाय ती," ती म्हणाली.

मग तिने सांगितलं. आवाज चढवला नाही, रडली नाही, पलंगाच्या कडेला बसून पट्टीकडे बघत सांगितलं. मी जायची बंद झाल्यावर तिने ब्यूरोला दुपारची बाई मागितली. एक आली, चार दिवसांत गेली. दुसरी आलीच नाही. एका मंगळवारी आई लिफ्टने खाली उतरून गेटपर्यंत पोचल्या, हातात धाग्यांच्या जुड्या घेऊन. मार्केटला निघाल्या होत्या. वॉचमनने वर आणलं. त्यानंतर तिने आईचं हे लुगडं फाडलं, पट्टी केली, आणि मंगळवार-गुरुवार निघताना आईचा उजवा हात खाटेच्या दांडीला बांधायला सुरुवात केली. ढिला बांधायची. कूस बदलता येईल, उठता येणार नाही, इतका. जवळ पाणी ठेवायची. घरी येऊन सोडायची, तेव्हा आईने डाव्या हाताने त्याच पट्टीचे आडवे धागे ओढून काढलेले असायचे आणि उशीवर बारक्या निळ्या जुड्या लावून ठेवलेल्या असायच्या. ही जाळी त्याची. शेवटच्या आठवड्यात तिने पट्टी कचऱ्यात टाकली होती. म्हणजे टाकली असं ती समजत होती. सकाळच्या बाईंनी काढून धुऊन कप्प्यात ठेवली असणार, कापड वाया जाऊ नये म्हणून.

"कुणाला सांगितलेलं नाही हे," ती म्हणाली. "ह्यांना पण नाही."

मी गोधडीची कड सरळ करायला लागले. गप्प राहून भागवण्यात मी तरबेज आहे. तीच म्हणाली, "तुझा गुडघा होता ना तेव्हा."

वाक्य असं म्हटलं होतं की नुसतं हो म्हटलं असतं तरी चाललं असतं. मान हलवली असती तरीही. मला आजही नक्की सांगता येत नाही की मी तसं का केलं नाही. चांगुलपणा म्हणू नये. ती पट्टी मी इस्त्री करून लावली होती, मिरवायला, आणि तिच्याकडे बघत खोटं बोलणं त्या क्षणी जमलं नाही, एवढंच.

"गुडघा दुखत नव्हता," मी म्हटलं. "झोपायचे मी."

"माहीत हाय."

ती उठली, ओट्यापाशी गेली आणि खिडकीबाहेर बघत उभी राहिली. मीही उठले. तिच्या खिडकीतून माझी बेडरूम एवढी स्पष्ट दिसते, हे मला इतक्या वर्षांत ठाऊक नव्हतं, कारण मी तिच्या ओट्यापाशी त्या बाजूला तोंड करून कधी उभी राहिले नव्हते. माझ्या पडद्यावरची पिवळी फुलं मोजता आली असती.

"निघायच्या आधी इथून बघायचे," ती म्हणाली. "पडदा उघडा असला तर थांबायचे जरा. वाटायचं, आज येशील. पडदा लागला की मग बांधायचे."

मी म्हटलं, पट्टी काढून टाकते, आत्ता उसवते, पाच मिनिटं लागतील. पर्समधून सुई काढायला गेले.

"हात लावू नकोस," ती म्हणाली.

ताटलीत भाकरीचा तुकडा होता. तिने तो उचलला, टोपलीतल्या भाकरींवर परत ठेवला आणि वरून फडकं झाकलं. मग मला पाणी दिलं. मी प्यायले. गोधडी तिथेच पलंगावर ठेवून घरी आले. काय म्हणाली, असं नवऱ्याने विचारलं. आवडली, असं मी सांगितलं. सवय लगेच जात नाही.

त्यानंतर तिचा फोन आला नाही आणि मी केला नाही. लिफ्टमध्ये भेटलो तर ती थंडीबद्दल बोलायची. संक्रांतीला तिने तिळगूळ वॉचमनच्या हाती पाठवला. मीही वॉचमनच्याच हाती पाठवला. त्याने दोन्हीकडे विचारलं असेल की भांडण झालंय का. मला विचारलं, तेव्हा मी नाही म्हटलं, आणि तेही खरंच होतं. भांडण झालंच नव्हतं. गोधडी तिने कुणाला देऊन टाकली असेल, बोहारणीलासुद्धा, असं मला वाटायचं. गुरुवारी गेटबाहेरून जाताना मी बोहारणीच्या ढिगाकडे बघायचे.

फेब्रुवारीतल्या एका दुपारी फोन वाजला. मी झोपले होते. तिचं नाव बघून उठून बसले.

"झोपली होतीस?"

"हो."

"सुई घेऊन ये."

गोधडी तिच्या हॉलमध्ये जमिनीवर पसरलेली होती. निळी पट्टी तिने स्वतः उसवून काढली होती, तिच्या जागी टाक्यांची भोकं दिसत होती. पट्टी गुंडाळून बाजूला ठेवलेली. मला वाटलं, आता ती म्हणेल की तिथे दुसरं काही लाव. तिने पट्टी उलगडली आणि गोधडीवर तिरकी ठेवली. विहिरीपासून मेथीला, मेथीवरून पालकाला वळसा घालून खाली मुळ्यांपर्यंत.

"असा होता पाट," ती म्हणाली. "तुझा बघून रोज डोकं फिरत होतं. घे, तू तिकडून ये, मी इकडून."

आम्ही दोन टोकांनी शिवत आलो. तिचे टाके माझ्यापेक्षा मोठे आणि वाकडे. जाळीचा भाग तिच्या बाजूला आला. ती तिथे थांबली, जाळी खालून दुसऱ्या निळ्या तुकड्याने झाकावी का, असं मी सुचवलं. ती नको म्हणाली आणि सुट्या धाग्यांवरून सुई हळू नेत राहिली. मध्ये एकदा म्हणाली की आई शेवटी तिला ओळखत नव्हती, पण ऑफिसातून आल्यावर पट्टी सोडली की हातात एक जुडी द्यायची. रोज. फुकट. मॉलात जा, असं तिला कधी म्हणाली नाही. मी म्हटलं, मला म्हणायच्या. "मग तुला ओळखलं असेल," ती म्हणाली आणि खाली बघून टाका घातला.

पाट पुरा झाला. मी दोरा तोडला आणि उघड्या कोपऱ्याकडे बघितलं. तिथे तिने सेफ्टीपिन लावली होती. ओट्यावर भाकरीची टोपली होती. तिने माझी नजर बघितली.

"ते राहू दे," म्हणाली. "बघू नंतर."

मार्च अर्धा गेला. थंडी संपली, आता गोधडी पांघरायचे दिवस नाहीत, पण परवा तिने ती ऊन दाखवायला खिडकीच्या दांडीवर टाकली होती. वापरल्याशिवाय कुणी ऊन दाखवत नाही, असं मी मनाशी म्हटलं. दुपारी मी अजूनही झोपते. झोप सोडली असं लिहिलं असतं तर बरं दिसलं असतं. पडदा मात्र लावत नाही, डोळ्यांवर ऊन येतं, कुशीवर वळून झोपते. परवा तशीच वळले आणि समोर गोधडी दिसली. पाट बरोबर खाली वाहत होता. कोपऱ्याला सेफ्टीपिन तशीच होती.